ओसरीवरून : शिकणाऱ्यास काय करतां यावें ?

गेल्या अंकांत आम्हीं परीक्षांच्या मोसमांतील जागरणांविषयीं लिहिलें होतें. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनींनीं निराळाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरीं थोरल्या मुलानें हिशेब-तपासणीचा, धाकट्या सुनेनें शिवणकामाचा आणि स्वतः त्यांनीं मोडी लिपीचा असे तीन अभ्यासक्रम पैसे भरून ऑनलाइन घेतले. तिन्ही अर्ध्यावर राहिले. “दोष आमच्या आळसाचा, कीं त्या शिकवण्याच्या रीतीचा ?” असें त्या विचारतात. प्रश्न सरळ आहे. परंतु त्याचा निवाडा करण्यास आम्ही निःपक्षपाती पंच नाहीं. कारण असा एक अर्ध्यावर राहिलेला अभ्यासक्रम खुद्द आम्हींच रचिला होता. तेव्हां उपदेशाआधीं कबुली देणें बरें.

२०२० सालच्या मार्चांत टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाल्या. आम्ही निवृत्त होऊन त्यापूर्वींच चार वर्षें लोटलीं होतीं. पण घरांत मुलें रिकामीं हिंडतांना पाहून जुन्या मास्तराचा हात शिवशिवूं लागला. पुतण्यानें स्वयंपाकघरांतील उंच स्टूल ओसरीवर आणून त्यावर मोबाइल उभा केला, मागें फळा टांगला, आणि “काका, बोला आतां” असें म्हणून तो आपल्या कामास निघून गेला. अशा रीतीनें ‘संस्कृत-प्रवेश’ नांवाचे आमचे पाठ सुरू झाले. पुण्याकडील आप्तांचीं मुलें, इंदूरचे एक निवृत्त अभियंते, न्यू जर्सींत स्थायिक झालेलीं दोन मराठी कुटुंबें आणि आमच्या घरच्या वहिनी, असे मिळून एकतीस जण नोंदले गेले. पाठ चोवीस योजिले होते. प्रत्येक पाठ चाळीस मिनिटांचा, कारण शाळेंतील तास तेवढाच. पहिल्यांत वर्णांचीं स्थानें, दुसऱ्यांत स्वरसंधि, तिसऱ्यापासून ‘राम’ शब्द. सात विभक्ति आणि संबोधन, तीन वचनें, एकूण चोवीस रूपें, सबंध फळाभर लिहिलेलीं. आम्हीं तीं रूपें अशा खणखणीत स्वरांत म्हटलीं कीं शेजारच्या माळ्यावरून दाद आली. आम्ही प्रसन्न होतों.

पाठ पुढें चालले तसे प्रश्न येणें थांबलें. आम्हीं त्याचा अर्थ असा घेतला कीं सर्वांना सर्व समजत आहे. वाचकांपैकीं जे शिक्षक असतील ते ह्या ठिकाणीं हंसतील. आठव्या पाठानंतर पुतण्याचें कार्यालय सुरू झालें आणि आमचे पाठही आपोआप थांबले. त्याचें कोणास वाईट वाटल्याचें ऐकिवांत आलें नाहीं, एवढें मात्र मनांत खुपलें.

गेल्या वर्षीं न्यू जर्सीकडील मंडळींनीं पुन्हां विचारणा केली, म्हणून पुतण्यानें तें जुनें खातें उघडलें. तेव्हां आम्हांस प्रथमच कळलें कीं ह्या यंत्रांत एक हिशेबवही असते. कोणी कोणता पाठ उघडला, कितव्या मिनिटास बंद केला, कोणता भाग पुन्हां पाहिला, हें सारें तींत आपोआप टिपलें जातें. आमच्या आठव्या पाठास चार श्रोते उरले होते, आणि त्यांतले शेवटपर्यंत पाहणारे दोनच. तिसऱ्या पाठाच्या अकराव्या मिनिटास, म्हणजे ‘रामाभ्याम्’ तिसऱ्यांदा आलें त्या सुमारास, बहुतेक मंडळी उठून गेलेली. चाळीस वर्षें वर्गांत शिकवून जें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं तें ह्या वहीनें पांच मिनिटांत सांगितलें. वर्गांतल्या मुलास उठून जातां येत नाहीं. तो मनानें जातो आणि शरीर बांकावर ठेवतो. मास्तर शरीरें मोजतो आणि समाधान पावतो.

त्या अकराव्या मिनिटास उठून गेलेल्यांत आमच्या वहिनी होत्या. हें मात्र आम्हांस फार लागलें. वहिनी आमच्याहून तीन वर्षांनीं वडील. त्या ह्या घरांत आल्या तेव्हां आम्ही पाठशाळेंत जात होतों. टाळेबंदींत रोज जेवतांना त्या आवर्जून म्हणत, “भावजी, आजचा पाठ छान झाला हो.” पांचवा छान झाला, सहावाही छान झाला, आणि वही सांगत होती कीं तिसऱ्यानंतर त्यांनीं एकही पाठ उघडलाच नव्हता. आमचें मन राखण्यासाठीं ही माउली महिनाभर गोड खोटें बोलत राहिली.

आमची सूनबाई एका कारखान्याच्या प्रशिक्षण-खात्यांत काम करते. तेथील कामगारांसाठीं असे ऑनलाइन पाठ रचणें हाच तिचा व्यवसाय. तिनें आमचा तिसरा पाठ सबंध पाहिला (घरांत तेवढी एकटीच असावी), आणि अदबीनें विचारलें, “मामंजी, हा पाठ संपल्यावर माणसाला काय करतां आलं पाहिजे ?”

आम्ही म्हणालों, “त्यास अकारान्त पुल्लिंगी नाम समजलें पाहिजे.”

“समजलं हें आपल्याला दिसणार कसं ?”

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. ‘समजणें’ ही क्रिया डोळ्यांस दिसत नाहीं. मुलगा मान डोलवितो तेव्हां त्यास समजलें असें आपण धरून चालतों. बहुत वेळां त्यास झोंप येत असते.

सूनबाईनें मग ह्या विषयाचा थोडा इतिहास सांगितला, आणि पुढें आम्हीं स्वतःही वाचला. शिकागो विद्यापीठांतील राल्फ टायलर ह्यांनीं १९४९ सालीं एका लहानशा पुस्तकांत अभ्यासक्रम रचणाऱ्यापुढें चार प्रश्न ठेविले. कोणता हेतु साधावयाचा, त्यासाठीं शिकणाऱ्यास कोणते अनुभव द्यावयाचे, त्या अनुभवांची मांडणी कशी करावयाची, आणि हेतु साधला कीं नाहीं हें पाहावयाचें कसें. त्यांच्याच विद्यापीठांतील बेंजामिन ब्लूम ह्यांनीं सहकाऱ्यांसह १९५६ सालीं बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या लाविल्या. २००१ सालीं त्यांची फेरमांडणी झाली, ती आजचे अध्यापक-विद्यार्थी स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा क्रमानें पाठ करतात. पाठ करतात म्हणजे पहिल्याच पायरीवर राहतात, हा भाग वेगळा. आम्हांस ह्या सर्वांत अधिक उपयोगी वाटले ते रॉबर्ट मेगर. १९६२ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं सांगितलें कीं उद्दिष्ट लिहावयाचें तर त्यांत तीन गोष्टी असाव्या: शिकणारा कोणती दिसणारी कृति करील, ती कोणत्या परिस्थितींत करील, आणि ती किती चांगली झाली म्हणजे पुरे. ‘जाणणें’, ‘समजणें’, ‘रुचि घेणें’ हीं क्रियापदें अनेक अर्थांनीं घेतां येतात, म्हणून तीं टाळावीं. ‘लिहिणें’, ‘निवडणें’, ‘वेगळें करणें’ हीं घ्यावीं.

हें ऐकतांना आम्हांस मनांत जी लाज वाटली ती अज्ञानाची नव्हती, विस्मरणाची होती. आमच्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याचा संप्रदाय आहे. ग्रंथाचा विषय कोणता, अधिकारी कोण, ग्रंथाचा व विषयाचा संबंध काय, आणि प्रयोजन काय, ह्या चार गोष्टी सांगितल्यावांचून पंडित पुढें सरकत नाहींत. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत पतंजलि व्याकरण कशासाठीं शिकावें हें सांगतात. रक्षा, ऊह, आगम, लघु आणि असंदेह अशीं पांच प्रयोजनें ते देतात. हीं पांचही आम्हांस पंधराव्या वर्षापासून मुखोद्गत आहेत, आणि ‘संस्कृत-प्रवेश’ रचतांना अधिकारी कोण व प्रयोजन काय हें विचारण्याचें आम्हांस एकदांही सुचलें नाहीं.

तथापि ‘हें सर्व आमच्यांत आधींच होतें’ असें म्हणून मिशांस पीळ देण्याची जी संवय आहे, तींत आम्ही सामील होणार नाहीं. प्रयोजन आणि मेगरांचें उद्दिष्ट ह्या दोन वस्तु निराळ्या आहेत. प्रयोजन ग्रंथाच्या दारावर असतें. मनुष्य आंत कां यावा हें तें सांगतें. उद्दिष्ट प्रत्येक पाठाच्या शेवटीं उभें असतें, आणि आंत आलेल्या मनुष्याच्या हातीं काय लागलें तें विचारतें. आमच्या जुन्या गुरूंस दुसरें लिहून ठेवण्याचें कारण नव्हतें, कारण शिष्य समोर होता. चुकला कीं तेथेंच पकडला जाई. यंत्रापलीकडील शिष्य दिसत नाहीं, म्हणून तें आधीं लिहावें लागतें.

तेव्हां आम्हीं वहिनींस विचारावयाचें ठरविलें. दुपारीं त्या माजघरांत शेंगा सोलीत बसल्या होत्या. आम्ही जवळ बसून म्हणालों, “वहिनी, तिसरा पाठ तुम्हीं सोडला हें मला कळलं. राग नाहीं. पण संस्कृत कशासाठीं शिकायचं होतं तुम्हांला, तें सांगा.”

त्या प्रथम ओशाळल्या. मग म्हणाल्या, “भावजी, सासूबाईंनीं मला विष्णुसहस्रनाम शिकवलं तेव्हां मी वीस वर्षांची होतें. तेव्हांपासून एक दिवस चुकला नाहीं. आतां वाटतं, आपलं तोंड रोज काय म्हणतं तें एकदां कानाला कळावं. ‘राम’ चालवतां येऊन मी काय करूं ? सातवीनंतर बाबांनीं मला शाळेंतून काढलं, दादा मात्र संस्कृत शिकला. तेव्हांही तो असाच ‘रामः रामौ’ म्हणत अंगणांत फिरायचा. तुमचा पाठ ऐकून मला तेंच अंगण आठवलं.”

आम्ही उठून ओसरीवर आलों, आणि बराच वेळ कांहीं सुचलें नाहीं. ज्या घरांत ही बाई एवढीं वर्षें सहस्रनाम म्हणत आहे, त्याच घरांत आम्ही संस्कृत शिकविण्यावर पोट भरीत होतों. आणि हा प्रश्न तिला कोणीं विचारला नव्हता.

आतां वाचकांनीं पाहावें कीं एकदां प्रयोजन कळल्यावर अभ्यासक्रमाचें रूप कसें पालटतें. सहस्रनाम हें महाभारताच्या अनुशासनपर्वांतील स्तोत्र. त्यांतील नामें बहुतेक सर्व प्रथमेच्या एकवचनांत आहेत. म्हणजे ज्या चोवीस रूपांखालीं आम्हीं वहिनींस गाडलें, त्यांतील एकच रूप त्यांस आरंभीं हवें होतें ! त्यांस खरी अडचण होती ती दोन ठिकाणीं. एक, विसर्गसंधि: ‘पद्मनाभः’ ह्याच्यापुढें ‘अमरप्रभुः’ आला कीं विसर्गाचा ‘ओ’ होतो, पुढचा ‘अ’ अवग्रहांत लपतो, आणि दोन नामें कानांस एकच वाटतात. दुसरी, समास: ‘हृषीकेश’ म्हणजे हृषीकांचा, इंद्रियांचा ईश, हा षष्ठी तत्पुरुष, पण ‘पद्मनाभ’ म्हणजे पद्माची नाभि नव्हे, ज्याच्या नाभींत पद्म आहे तो, हा बहुव्रीहि. हा भेद ज्यास पाहतां येऊं लागला, त्याच्यापुढें निम्में स्तोत्र उघडूं लागतें. आमच्या जुन्या क्रमांत समास एकोणिसाव्या पाठांत होते. तेथपर्यंत कोणीच पोहोंचलें नाहीं.

सूनबाईच्या देखरेखीखालीं आम्हीं उद्दिष्ट लिहिलें, तें तिनें चार वेळां परत केलें. पांचव्या वेळीं तें असें झालें: ‘अभ्यासक्रम संपल्यावर शिकणारा, पोथी व कोश हातीं असतां, पूर्वीं न फोडलेल्या दहा नामांपैकीं निदान सात नामें संधि सोडवून वेगळीं करील, आणि त्यांचा विग्रह करून अर्थ मराठींत सांगेल.’ कृति, परिस्थिति आणि इयत्ता, तिन्ही आलीं. हें वाक्य भिंतीवर चिकटवून मग आम्ही पाठ योजूं लागलों, आणि जो पाठ ह्या वाक्याकडे जात नव्हता तो निष्ठुरपणें काढून टाकला. द्विवचन गेलें. आमच्या आवडीचा वर्णांच्या स्थानांचा पाठही बहुतेक गेला. आपण स्वतः ज्या वाटेनें शिकलों तीच वाट सर्वांनीं चालावी असा शिक्षकाचा एक गुप्त हट्ट असतो. तो सोडतांना अंगावरचें जुनें पांघरूण काढल्यासारखें वाटतें.

जॉन बिग्स ह्यांनीं १९९६ सालीं एक साधी गोष्ट बजावून सांगितली, तिचा येथें पडताळा आला. उद्दिष्ट, शिकतांना करावयाची कृति आणि परीक्षा हीं तिन्ही एका रेषेंत हवींत. आम्हीं पूर्वीं शिकविण्याचा हेतु ‘वाचतां यावें’ असा धरला, शिकणाऱ्यास काम दिलें ऐकण्याचें, आणि परीक्षा घेतली रूपें लिहिण्याची. तीन बैल तीन दिशांस जुंपले तर गाडी जागची हलत नाहीं.

पाठाच्या लांबीविषयींही सांगितलें पाहिजे. २०१४ सालीं फिलिप गुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘एडएक्स’ ह्या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील सुमारें ६९ लाख व्हिडिओ-बैठकींचा हिशेब तपासला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण प्रेक्षक फार तर सहा मिनिटें टिकतो असें त्यांस आढळलें. ह्यावरून सहा मिनिटांत विद्या येते असें कोणी समजूं नये. तें टिकण्याचें माप आहे, शिकण्याचें नव्हे. पण जो टिकला नाहीं त्यास शिकविणार कोण ? शिवाय कारण केवळ चंचलता नाहीं. जॉर्ज मिलर ह्यांनीं १९५६ सालीं दाखविलें कीं मनुष्याच्या तात्कालिक स्मरणांत एका वेळीं सुमारें सात वस्तु मावतात. २००१ सालीं नेल्सन कावन ह्यांनीं ती संख्या चाराच्या आसपास आणली. जॉन स्वेलर ह्यांनीं १९८८ पासून हाच विचार शिकविण्यास लाविला: नव्या गोष्टींचा भार ह्या लहानशा ओंजळींत मावेल एवढाच एका वेळीं घालावा, आणि मांडणीच्या दोषामुळें फुकटचा भार वाढवूं नये. फळ्यावर एकदम चोवीस रूपें ! ओंजळींत घागर ओतल्यावर पाणी सांडलें तर ओंजळीस दोष देतां येत नाहीं. आतां आमचा पाठ सहा ते आठ मिनिटांचा असतो आणि फळ्यावर एका वेळीं दोन नामें असतात.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हरमान एबिंगहाउस ह्या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्वतःवरच प्रयोग करून दाखविलें कीं पाठ केलेलें आरंभीं झपाट्यानें विसरतें आणि पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. त्यावर उतारा म्हणून आपण मुलांस ‘पुन्हां वाच, पुन्हां वाच’ म्हणतों. २००६ सालीं हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक ह्यांनीं विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकानें उतारा पुन्हां वाचला, दुसऱ्यानें न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे सरस ठरले. पण आठवड्यानें घेतली तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. परीक्षेच्या आदल्या रात्रीं वाचलेलें दुसऱ्या दिवशीं उपयोगी पडतें आणि मे महिन्यांत उडून जातें, ह्याचें मर्म येथें आहे. आमच्या पाठशाळेंत गुरुजी नवी संथा देण्याआधीं कालची संथा पुस्तक मिटवून म्हणावयास लावीत. आम्ही तें शिक्षा समजत होतों. आतां आमचा प्रत्येक पाठ कालच्या एका नामानें उघडतो, आणि उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, अशी कळ पुतण्यानें बसविली आहे. इंदूरच्या अभियंत्यांस ती अपमानास्पद वाटली. त्यांनीं तसें कळविलें, आणि मग न चुकतां उत्तरेंही देत राहिले.

मोठमोठ्या विद्यापीठांसही आमच्याच वाटेनें ठेंचा लागल्या आहेत. २०११ सालीं स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग ह्यांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम ऑनलाइन सर्वांस खुला केला. सुमारें १,६०,००० नांवें आलीं, आणि शेवटास गेले तीं सुमारें २३,०००. त्यानंतर अशा खुल्या अभ्यासक्रमांची लाटच आली. आपल्याकडेही २०१७ सालीं ‘स्वयम्’ सुरू झालें. फुकट व खुल्या अशा बहुतेक अभ्यासक्रमांत दहांतला एकही शेवटपर्यंत जात नाहीं, ही सर्वत्र तक्रार आहे. पण ह्या आंकड्यांनीं आम्ही स्वतःचें समाधान करून घेणार नाहीं. फुकटच्या मेळ्यांत एखादा मनुष्य एकच दुकान पाहून परतला तर तो हरला असें होत नाहीं. त्यास तेवढेंच हवें असेल. आमच्या वहिनींचें तसें नव्हतें. त्यांस सर्व हवें होतें.

पत्रलेखक भगिनींनीं आपल्या मोडीच्या अभ्यासक्रमाचें पत्रक पुन्हां काढून पाहावें. ‘मोडी लिपीची सखोल ओळख’ असें त्यांत लिहिलें असेल, तर त्यांनीं आळसाचा दोष स्वतःकडे घेऊं नये. ‘पेशवेकालीन पत्राच्या दहा ओळी अक्षरतक्ता समोर ठेवून अर्ध्या तासांत वाचतां येतील’ असें लिहिलें असेल, आणि पहिल्या आठवड्यापासून खरीं पत्रें हातीं दिलीं असतील, तर मात्र आम्ही त्यांची बाजू घेणार नाहीं.

येथें आमचा सूनबाईशीं एक वाद आहे, तो लपविण्याचें कारण नाहीं. कारखान्यांतील कामगारानें यंत्राचा पट्टा कसा बदलावा हें उद्दिष्टांत चपखल बसतें. पण आमचे पाठशाळेंतील गुरुजी मेघदूत शिकवितांना मध्येंच थांबत, खिडकीबाहेर पाहत, आणि कांहीं वेळ बोलत नसत. त्या न बोलण्यानें आम्हांस जें मिळालें तें कोणत्या क्रियापदांत लिहावें ? अमेरिकेंतील एलियट आयस्नर ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत हाच आक्षेप घेतला होता कीं कलेसारख्या विषयांत कांहीं अनुभव असे असतात कीं त्यांतून काय निघेल हें आधीं ठरवितां येत नाहीं, ठरवूंही नये. सूनबाई म्हणते, “मामंजी, गुरुजी गप्प बसले तें तुम्हांला श्लोक लागत होता म्हणून भावलं. ज्याला लागत नव्हता तो घड्याळ पाहत असेल.” मुलगी हुशार आहे. आम्हीं वाद सोडलेला नाहीं.

दुसरी उणीव यंत्राचीच आहे. विद्येचा एक पाद गुरूकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांकडून आणि एक कालांतरानें, असें जुने लोक सांगत. व्हिडिओ फार तर पहिला पाद देतो. तिसऱ्यासाठीं आम्हीं दर शनिवारीं सायंकाळीं साडेसातास एकत्र बैठक ठेविली; तेव्हां न्यू जर्सींत सकाळचे दहा वाजलेले असतात. जोड्या लाविल्या त्यांत वहिनींच्या वांट्यास तेथील एक अकरा वर्षांची मुलगी आली. तिचें मराठी कच्चें, वहिनींचें इंग्रजी त्याहून कच्चें. दोघी एकमेकींस नामें फोडून दाखवितात, आणि चुकलें कीं दोघी हंसतात. नोव्हेंबरांत तिकडचीं घड्याळें एक तास मागें सरकलीं, तेव्हां ती मुलगी आपल्या जुन्या दहाच्या वेळीं हजर झाली. इकडे साडेआठ झाले होते, बैठक संपून सर्व उठले होते. वहिनी मात्र तासभर मोबाइलसमोर जेवण खोळंबून बसून राहिल्या होत्या, कारण “ती येईल” असें त्यांचें म्हणणें होतें. ती आली.

नव्या क्रमाचे अठरा पाठ आहेत. ह्या वेळीं चोवीस जण बसले, त्यांतले सतरा शेवटास पोहोंचले, आणि सात नामांची कसोटी चौदा जणांनीं पार केली. तिघे अडले ते बहुव्रीहींत. त्यांच्यासाठीं बारावा पाठ पुन्हां रचावा लागेल, कारण तीन जण एकाच दगडास ठेंचाळतात तेव्हां दगड पाहावा. वहिनींनीं दहांपैकीं नऊ नामें फोडलीं. दहावें चुकलें ह्याची हळहळ त्यांस आठवडाभर होती.

परवां सकाळीं पूजा आटोपून त्या पोथी हातीं घेऊनच ओसरीवर आल्या. “भावजी, ‘माधव’ हें नाम आरंभीं एकदां आलं. पुढें पुन्हां आलं. आज नीट पाहिलं तर त्याहून पुढें आणखी एकदां आहे. नामें हजार म्हणतात, मग तेंच तें कसं चालेल ? कीं दर वेळीं अर्थ निराळा ?”

आम्हीं सांगूं लागलों कीं ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, तिचा ‘धव’ म्हणजे पति, तो माधव. हा तत्पुरुष झाला. वहिनींनीं हातानेंच थांबविलें.

“तें मला फोडतां आलं. तो एक झाला. बाकीच्या दोन ठिकाणीं काय ?”

मधु नांवाच्या कुळांत जन्मला म्हणूनही माधव म्हणतात, हें आठवलें. तिसरा अर्थ जिभेवर येईना. आचार्यांच्या नांवावर असलेलें भाष्य माळ्यावरच्या फडताळांत, आणि आमचा चष्मा आंत राहिलेला. नातवास हांक मारून तें स्वयंपाकघरांतील उंच स्टूल ओसरीवर आणविलें. वहिनी पायरीवर बसल्या, पोथींत बोट घालून.